ॲलर्जी या शब्दाचे जनक : डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आमच्या देखरेखीखालीं असलेल्या वसतिगृहांत एक नवा मुलगा आला. पंक्तीस शेंगदाण्याची चटणी वाढली, कीं तो ताट बाजूस सरकवी. अन्नास नांवें ठेवणें ही आम्हांस मोठी वाईट खोड वाटे. म्हणून एके दिवशीं आम्ही त्याजवर सर्वांदेखत रागावलों, आणि ती चटणी आम्हीं त्यास खावयास लाविली. पांच-दहा मिनिटें लोटलीं न लोटलीं तोंच त्याचे ओठ सुजले, अंगभर पित्त उठलें, आणि श्वासास घरघर लागली. डॉक्टर जवळच राहत होते व त्यांजपाशीं योग्य तें औषध होतें, म्हणून देवाच्या दयेनें मुलगा वांचला. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. मुलगा हट्टी नव्हता. आम्हीच अज्ञानी होतों.

पुढें दुसऱ्या एका डॉक्टरांनीं त्या मुलाच्या हातावर निरनिराळ्या अन्नपदार्थांच्या अर्कांचे थेंब ठेविले व प्रत्येक थेंबांतून कातडीस बारीक सुईनें किंचित् टोंचलें. पंधरा-वीस मिनिटांत भुईमुगाच्या थेंबाखालीं लाल फुगवटा उठला. तांदूळ व गहूं यांच्या थेंबांखालीं कांहींच झालें नाहीं. डॉक्टर आम्हांस म्हणाले कीं, या साध्या परीक्षेचा वंश शोधीत मागें गेल्यास आपण व्हिएन्ना शहरांतील एका बालरोगतज्ज्ञापाशीं येऊन पोहोंचतों. त्या थोर पुरुषाचें नांव क्लेमेन्स फॉन पिर्के. आज घरोघरीं उच्चारला जाणारा ॲलर्जी हा शब्द त्यांनींच १९०६ सालीं घडविला. आमच्या विद्यार्थ्यांस त्यांची ओळख व्हावी, आणि आमच्या हातून घडलेल्या चुकीची थोडीबहुत फेड व्हावी, या हेतूनें हें अल्प चरित्र आम्हीं लिहावयास घेतलें आहे.

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजीं ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिच्याजवळ हिर्शस्टेटेन या गांवीं झाला. हें गांव पुढें व्हिएन्ना शहरांतच सामील झालें. घराणें सरदारी होतें. वडील जमीनदार होते. आई श्रीमंत घरांतून आलेली व अत्यंत धर्मनिष्ठ होती. धाकटा भाऊ ग्विडो हाहि पुढें अग्निबाणांच्या गणितांत प्रसिद्धीस आला. क्लेमेन्स यांनीं धर्मगुरु व्हावें अशी आईची फार इच्छा होती, आणि त्यांनींहि प्रथम त्याच वाटेवर पाऊल टाकलें. इन्सब्रुक येथें त्यांनीं ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला, व तेथून बेल्जममधील लूव्हेन विद्यापीठांत जाऊन तत्त्वज्ञान शिकले. परंतु आपलें पाचारण निराळें आहे असें त्यांस वाटूं लागलें, आणि त्यांनीं वैद्यकाची वाट धरिली. व्हिएन्ना, क्योनिग्सबर्ग व ग्रात्स या तीन ठिकाणीं शिकून १९०० सालीं ग्रात्स येथें ते डॉक्टर झाले.

वेदीपुढें उभें राहण्याचें सोडून ते रोगी बालकांच्या खाटांपुढें उभे राहिले. यांत सेवेचें ठिकाण बदललें, सेवा सुटली नाहीं, असें आम्हांस त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणावेसें वाटतें. ज्या मुलांस आई-बापांनीं आंखून दिलेली वाट व आपली आवड यांमध्यें ओढाताण सोसावी लागते, त्यांनीं हा दाखला ध्यानांत ठेवावा.

त्या काळीं बालरोगशास्त्रांत थिओडोर एशरिश यांचें नांव मोठें होतें. मनुष्याच्या आंतड्यांत राहणारा एक जंतु त्यांनीं शोधून काढला, व तो आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. एशरिश ग्रात्सहून व्हिएन्ना येथें आले, आणि त्यांच्या हाताखालीं सेंट ॲना बालरुग्णालयांत पिर्के काम करूं लागले. त्या रुग्णालयांत घटसर्प व लोहितज्वर यांनीं ग्रासलेलीं मुलें नित्य येत. घटसर्पावर नुकताच एक मोठा उपाय सांपडला होता. घोड्यास घटसर्पाचें विष थोडथोडें टोंचून वाढवीत नेल्यास त्याच्या रक्तांत त्या विषाचा पाडाव करणारें द्रव्य उत्पन्न होतें. तो रक्तरस काढून रोगी मुलास टोंचला, कीं पुष्कळदां मरणाच्या दारांतून मूल परत येई. एमिल फॉन बेरिंग यांस याच कार्याबद्दल १९०१ सालीं वैद्यकाचें पहिलें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु या वरदानामागें एक कोडें दडलेलें होतें. टोंचल्यावर आठ ते बारा दिवसांनीं कित्येक मुलांस ताप येई, अंगावर पुरळ उठे, गांठी फुगत व सांधे दुखत. घटसर्प तर बरा झालेला असे. मग हा नवा आजार कोठून आला? आणि याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ज्या मुलास कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं तोच घोड्याचा रक्तरस पुन्हां टोंचावा लागे, त्यास हा आजार आठ दिवस थांबून न येतां त्याच दिवशीं, कधीं कांहीं मिनिटांतच येई. पुष्कळ वैद्यांच्या डोळ्यांपुढें हें घडत होतें. पिर्के व त्यांचे तरुण हंगेरियन सहकारी बेला शिक या दोघांनीं मात्र प्रत्येक मुलाच्या खाटेपाशीं बसून दिवस, तास, ताप व पुरळ यांची बारकाईनें नोंद ठेविली, आणि त्या नोंदींतून कोडें सोडविलें.

त्यांचा विचार असा चालला. घोड्याच्या रक्तरसांतच विष असतें, तर पहिल्याच वेळीं मूल लागलेंच आजारी पडलें असतें. तसें होत नाहीं. तेव्हां मधले आठ-दहा दिवस शरीर कांहींतरी तयार करीत असलें पाहिजे. तें म्हणजे परकीय द्रव्याशीं झगडणारीं प्रतिपिंडें होत. तीं तयार झालीं, कीं उरलेल्या रक्तरसाशीं त्यांची गांठ पडते व त्या झटापटींतून आजार उद्भवतो. दुसऱ्या खेपेस प्रतिपिंडें आधींपासूनच तयार असतात, म्हणून झटापट तत्काळ जुंपते. त्या काळच्या विद्वानांस हा विचार सहज पटण्याजोगा नव्हता. कारण प्रतिपिंडें म्हणजे शरीराचे रक्षक, अशीच सर्वांची समजूत होती. राखणदारच कधीं कधीं घराची मोडतोड करतो असें म्हणण्यास धैर्य लागतें. पिर्के यांनीं आपल्या विचाराचें टांचण १९०३ सालीं एका मोहोरबंद पाकिटांत घालून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीच्या स्वाधीन केलें, आणि मग पुरावा गोळा करीत राहिले. १९०५ सालीं रक्तरसजन्य रोगावरील पिर्के व शिक यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथें दुसऱ्या एका शोधाचा उल्लेख करणें अवश्य आहे. फ्रान्समध्यें शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनीं समुद्रफुलाचें विष कुत्र्यांस टोंचून पाहिलें होतें. पहिल्या टोंचणीनें कुत्रा निर्ढावेल अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु कांहीं आठवड्यांनीं अगदीं थोडें विष पुन्हां देतांच कुत्रा कांहीं मिनिटांत मेला. या तीव्र विकारास रिशे यांनीं १९०२ सालीं ॲनाफिलॅक्सिस असें नांव दिलें, आणि त्याबद्दल त्यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या वसतिगृहांतील मुलास जें झालें, तें याच जातीचें होतें.

आतां या सर्व गोष्टी एका सूत्रांत ओंवणारा शब्द हवा होता. २४ जुलै १९०६ रोजीं म्यूनिक येथील एका वैद्यकीय साप्ताहिकांत पिर्के यांनीं दोन-तीन पानांचा लहानसा लेख लिहिला, व त्यांत ॲलर्जी हा शब्द प्रथम योजिला. ग्रीक भाषेंत ॲलोस म्हणजे निराळा व एर्गोन म्हणजे कार्य. यावरून एखाद्या द्रव्याशीं एकदां संबंध आल्यावर शरीराची त्याजशीं वागण्याची रीति बदलते, इतकाच या शब्दाचा मूळ अर्थ. ही पालटलेली रीति शरीरास अधिक हळवें करील किंवा अधिक सोशिकहि करील. ज्या द्रव्यामुळें हा पालट होतो त्यास ॲलर्जेन हें नांवहि त्यांनीं त्याच लेखांत दिलें. आणि अशा द्रव्यांत त्यांनीं मधमाशी व डांस यांच्या दंशाचें विष व फुलांचे परागकण यांजबरोबरच स्ट्रॉबेरीच्या फळांतील आणि खेंकड्यांतील पित्त उठविणाऱ्या द्रव्यांसहि बसविलें. म्हणजे वनस्पतिजन्य अन्नापासून होणारी ॲलर्जी ही पुढें कोणी जोडलेली पुरवणी नव्हे. शब्द जन्मास आला त्याच पानावर ती हजर होती.

पिर्के यांचें दुसरें मोठें कार्य याच विचारांतून निघालें. देवी काढतांना त्यांनीं पाहिलें होतें कीं, ज्यास पूर्वीं कधींच देवी काढल्या नाहींत त्याच्या हातावर फोड येण्यास कांहीं दिवस लागतात. परंतु पूर्वीं काढलेल्या माणसाच्या हातावर दुसऱ्याच दिवशीं लाली दिसूं लागते. कातडी जणूं आठवण ठेवते. मग क्षयाच्या जंतूंचीहि आठवण ती ठेवीत असेल काय? रॉबर्ट कॉख यांनीं १८९० सालीं क्षयावर औषध म्हणून ट्युबर्क्युलिन पुढें आणलें होतें. औषध म्हणून तें फसलें व पुष्कळांची निराशा झाली. त्याच टाकलेल्या द्रव्याचा पिर्के यांनीं १९०७ सालीं उपयोग केला. मुलाच्या हातावर ट्युबर्क्युलिनचे दोन थेंब ठेवावयाचे, त्यांखालीं कातडी एका बारीक शस्त्रानें किंचित् खरवडावयाची, आणि मधोमध एक ओरखडा नुसताच, कांहीं न लावतां काढावयाचा. एक-दोन दिवसांनीं नुसता ओरखडा तसाच राहून थेंबांच्या जागीं लाल उंचवटा आला, तर त्या मुलाच्या शरीरांत क्षयाचे जंतु केव्हां तरी शिरले आहेत असें समजावयाचें.

त्या मधल्या कोऱ्या ओरखड्याकडे आम्ही विद्यार्थ्यांचें विशेष लक्ष वेधतों. तो नसता, तर लाली ट्युबर्क्युलिननें आली कीं खरवडण्यानें आली, हें कोण सांगूं शकलें असतें? शास्त्रीय प्रयोगाचा प्रामाणिकपणा त्या एका ओरखड्यांत सांठविला आहे. ही परीक्षा शेंकडों मुलांवर करून पिर्के यांनीं दाखविलें कीं, व्हिएन्नाच्या गरीब वस्तींतील मुलांत वयाबरोबर या खुणेचें प्रमाण वाढत जातें, आणि तीं सर्वच मुलें कांहीं आजारी नसतात. रोगाचें बीज पुष्कळांत असतें, रोग थोड्यांत असतो. शरीरांत दडून बसलेल्या अशा क्षयास सुप्त क्षय म्हणण्याची चाल त्यांनींच पाडली. १९०८ सालीं फ्रान्समधील शार्ल मांतू यांनीं खरवडण्याऐवजीं कातडीच्या आंत टोंचण्याची सुधारणा केली, आणि त्या रूपांत ती परीक्षा आपल्या देशांतील रुग्णालयांतहि चालत आली आहे.

पिर्के यांची कीर्ति आतां समुद्रापार गेली. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें बालरोगशास्त्राचें अध्यापकपद त्यांस दिलें, व १९०९ सालीं ते तेथें गेले. परंतु मातृभूमीची ओढ त्यांस युरोपांत परत घेऊन आली. ब्रेस्लाउ येथें अल्पकाळ काम करून १९११ सालीं, गुरु एशरिश यांच्या मृत्यूनंतर, ते व्हिएन्ना विद्यापीठाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि अखेरपर्यंत त्याच पदावर राहिले.

इकडे त्यांनीं सुरू केलेली कातडीवरील परीक्षा दुसऱ्यांच्या हातीं अन्नाकडे वळली. मँचेस्टर येथील चार्ल्स ब्लॅक्ली यांनीं १८७३ पूर्वींच स्वतःच्या कातडीवर परागकण घासून पाहिले होते, पण त्यांच्या प्रयोगास फारसे अनुयायी मिळाले नाहींत. पिर्के यांच्या परीक्षेनंतर मात्र वाट रुळली. १९१२ सालीं न्यूयॉर्क येथील बालरोगवैद्य ऑस्कर श्लॉस यांनीं आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलास अंडें, बदाम व ओट नांवाचें धान्य खाल्ल्यावर अंगावर पित्त उठे. श्लॉस यांनीं निरनिराळे पदार्थ त्याच्या खरवडलेल्या कातडीवर लावून पाहिले, आणि नेमक्या याच पदार्थांच्या जागीं फुगवटे उठले. एवढ्यावर न थांबतां त्यांनीं त्या पदार्थांतील प्रथिनें वेगवेगळीं करून कोणतें प्रथिन दोषी आहे याचाहि छडा लावण्याचा यत्न केला. अन्नाच्या ॲलर्जीची पद्धतशीर तपासणी येथून सुरू झाली असें मानण्यास हरकत नाहीं.

वनस्पतींतील प्रथिनांचा सखोल अभ्यास मात्र अमेरिकेंतच, कनेक्टिकट संस्थानाच्या कृषिप्रयोगशाळेंत चालला होता. तेथें टॉमस ऑस्बर्न हे गहूं, राय, बार्ली, वाटाणे, बदाम इत्यादि अनेक बियांतील प्रथिनें शुद्ध करून निरनिराळ्या कुप्यांत भरण्यांत आयुष्य घालवीत होते. शिकागो येथील गिडियन वेल्स यांजबरोबर त्यांनीं १९११ पासून तीं प्रथिनें गिनीपिगांस टोंचून पाहिलीं. एकाच बियांतील दोन भिन्न प्रथिनें जनावराच्या शरीरास भिन्न ओळखूं येतात, आणि दोन निराळ्या धान्यांतील सारख्या घडणीचीं प्रथिनें त्यास सारखीं भासतात, असें त्यांस आढळलें. म्हणजे शरीर गव्हास गहूं म्हणून ओळखीत नाहीं. तें त्यांतील एकेका प्रथिनाची घडण ओळखतें. ऑस्बर्न हे १९२९ च्या जानेवारींत वारले, आणि पुढच्याच महिन्यांत पिर्केहि गेले.

परंतु पिर्के यांच्या आयुष्यांतील एक मोठें पर्व अद्यापि सांगावयाचें राहिलें आहे. पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपलें तेव्हां ऑस्ट्रियाचें साम्राज्य मोडलें होतें, व व्हिएन्ना शहर उपाशी होतें. दूध नाहीं, कोळसा नाहीं, आणि मुलांच्या अंगावर हाडांखेरीज कांहीं नाहीं, अशी दशा झाली. अमेरिकेनें हर्बर्ट हूवर यांच्या नेतृत्वाखालीं मदत पाठविली, आणि ऑस्ट्रियांतील मुलांस अन्न पोहोंचविण्याची व्यवस्था पिर्के यांच्या हातीं आली. कालपर्यंत एकमेकांचे शत्रु असलेले लोक मुलांच्या ताटापाशीं एकत्र आले. कोणास किती द्यावें हें डोळ्यांच्या अंदाजानें न ठरवितां पिर्के यांनीं त्याचें शास्त्र केलें. एक ग्रॅम दुधांत जितकें पोषण तितकें एक नेम, असें त्यांनीं माप ठरविलें, व सर्व अन्नें त्या मापानें मोजलीं. दूध सर्वांच्या ओळखीचें, म्हणून स्वैंपाकघरांतील बाईसहि हें माप समजे. मुलाचें वजन व त्याची बसलेल्या स्थितींतील उंची यांवरून तें किती खंगलें आहे हें काढण्याचें एक सूत्रहि त्यांनीं बसविलें. या मोजणीवर पुढील शास्त्रज्ञांनीं टीका केली, व ती पद्धति आतां प्रचारांत नाहीं. तथापि लाखांहून अधिक उपाशी मुलांच्या मुखीं दररोज अन्न पडलें, ही गोष्ट कोणत्याहि टीकेनें पुसली जात नाहीं.

लोकांनीं त्यांस मान दिला. नोबेल पारितोषिकासाठीं त्यांचें नांव अनेकदां सुचविलें गेलें, पण तें त्यांस मिळालें नाहीं. ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठींहि १९२८ सालीं त्यांच्या नांवाची चर्चा झाली. बाहेरून पाहणारास हें आयुष्य यशानें भरलेलें दिसे. आंत मात्र निराळें होतें. १९०४ सालीं त्यांनीं मारिया नांवाच्या तरुणीशीं विवाह केला होता. घरच्यांस तो पसंत नव्हता. मूलबाळ झालें नाहीं, आणि पत्नीची प्रकृति वर्षानुवर्षें नादुरुस्त राहिली. २८ फेब्रुवारी १९२९ रोजीं, वयाचीं चोपन्न वर्षें झालीं असतां, पिर्के यांनीं पत्नीसह आपल्या जीवनाचा स्वतःच्या हातांनीं अंत करून घेतला.

शाळेच्या मासिकांत ही गोष्ट लिहावी कीं न लिहावी, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. न लिहिणें सोपें होतें, पण तें खरें झालें नसतें. आम्ही त्यांचा न्याय करीत नाहीं. तो आमचा अधिकार नव्हे. आमच्या मनास एवढेंच लागून राहतें कीं, हजारों बालकांच्या कातडीवरील बारीकशी लाली ज्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं, त्यांच्या स्वतःच्या मनाची व्यथा आसपासच्या कोणासहि वेळेवर वाचतां आली नाहीं. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कोणाच्या मनावर असें ओझें असेल, तर तें एकट्यानें वाहूं नका. आई-बाप, शिक्षक, पाळक, डॉक्टर, कोणाजवळ तरी बोला. आणि तुमच्याजवळ कोणी बोलूं लागला, तर हातचें काम टाकून ऐका.

पिर्के यांच्या मागें त्यांचें काम थांबलें नाहीं. त्यांच्या हयातींतच, १९२१ सालीं, ब्रेस्लाउ येथें कार्ल प्राउस्निट्झ व हाइन्झ क्युस्टनर यांनीं एक धाडसी प्रयोग केला होता. क्युस्टनर यांस शिजविलेले मासे सोसत नसत. त्यांचा रक्तरस प्राउस्निट्झ यांनीं स्वतःच्या कातडींत टोंचून घेतला, व दुसऱ्या दिवशीं त्या जागीं माशांचा अर्क टोंचतांच फुगवटा उठला. म्हणजे हळवेपणा आणणारें द्रव्य रक्तांतच असतें हें ठरलें. तें द्रव्य कोणतें, हें कळावयास आणखी पंचेचाळीस वर्षें लागलीं. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें, आणि स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिश यांनीं तें प्रतिपिंड ओळखलें. १९६८ सालीं त्यास आयजीई असें नांव ठरलें. आतां रोग्याच्या रक्ताचा नमुना घेऊन, भुईमूग, तीळ, गहूं किंवा काजू यांच्या प्रथिनाशीं जडणारें आयजीई त्यांत किती आहे, हें प्रयोगशाळेंत मोजतां येतें.

परीक्षा जशी रोग्याच्या रक्ताची, तशीच ती अन्नाचीहि होऊं लागली. १९७१ सालीं स्वीडनमध्यें एंगवाल व पर्लमान यांनीं एलायझा ही पद्धति काढली. तिची रीति साधारण अशी : लहान लहान खळग्यांच्या तबकडीस भुईमुगाचें प्रथिन पकडणारीं प्रतिपिंडें चिकटवून ठेवतात, बिस्किटाचा किंवा पिठाचा अर्क त्यांत ओततात, भुईमुगाचा अंश असल्यास तो तेथें अडकून राहतो, मग रंग उत्पन्न करणारें दुसरें प्रतिपिंड घालतात, आणि रंग जितका गडद तितका अंश अधिक असें मोजतात. किलोभर पदार्थांतील कांहीं मिलिग्रॅम भुईमूगहि यांतून सुटत नाहीं. तरी ही परीक्षा सोपी नव्हे. पदार्थ भाजला किंवा तळला, कीं प्रथिनाची घडण बदलते व तें कमी ओळखूं येतें. चॉकलेटसारख्या पदार्थांतून तें नीट सुटून येत नाहीं. शिवाय सर्व प्रथिनें सारखीं नसतात. सफरचंदांतील एक प्रथिन शिजविल्यानें निकामी होतें, म्हणून कित्येकांच्या तोंडास कच्च्या सफरचंदानें खाज सुटते, पण शिजविलेलें त्यांस चालतें. भुईमुगाचीं मुख्य प्रथिनें मात्र भाजण्यास दाद देत नाहींत. भाजलें म्हणजे दोष गेला, असें समजणें म्हणूनच धोक्याचें आहे.

येथें पिर्के यांची शिकवण पुन्हां आठवावी लागते. परीक्षेंत खूण उठली, म्हणजे शरीराची त्या पदार्थाशीं ओळख झाली आहे एवढेंच ठरतें. रोग असेलच असें नाहीं. ट्युबर्क्युलिनविषयीं हें जितकें खरें, तितकेंच अन्नाविषयींहि खरें आहे. आमच्या त्या मुलाच्या रक्ततपासणींत वाटाण्याचीहि किंचित् खूण निघाली, व घरच्यांनीं त्याच्या सर्व डाळी व कडधान्यें बंद केलीं. मुलगा वाळूं लागला. तेव्हां डॉक्टरांनीं त्यास रुग्णालयांत ठेवून, औषध हाताशीं बाळगून, वाटाणे थोडथोडे खावयास दिले. कांहींच झालें नाहीं, आणि त्याचें अन्न त्यास परत मिळालें. परीक्षेवर अविश्वास ठेवूं नये, तसा आंधळा विश्वासहि ठेवूं नये. आणि हें असलें खाऊन पाहणें रुग्णालयांतच करावें, घरीं कदापि करूं नये.

पिर्के यांनीं शरीराच्या पालटास दोन दिशा असतात असें म्हटलें होतें, त्याचाहि प्रत्यय अलीकडे आला आहे. ज्या तान्ह्या मुलांस भुईमुगाच्या ॲलर्जीचा विशेष धोका असतो, त्यांस वर्षाच्या आंतच वैद्यांच्या सल्ल्यानें भुईमुगाचे मऊ पदार्थ देऊं लागल्यास पुढें ती ॲलर्जी फारच थोड्यांस होते, असें लंडन येथील २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. आपल्या देशांतहि २०२० च्या नियमांनीं बंद पुडक्यावर भुईमूग, गहूं व तत्सम धान्यें, सोयाबीन, काजू-बदामादि कवचफळें, दूध, अंडीं, मासे इत्यादि पदार्थांचा निर्देश करणें आवश्यक केलें आहे. तीं बारीक अक्षरें आमच्यासारख्यांस निरर्थक वाटतात; पण कोणा एका मुलाचा जीव त्यांवर अवलंबून असतो.

ऑस्ट्रियानें २०१० सालीं पिर्के यांच्या स्मरणार्थ सोन्याचें नाणें काढलें. आमच्या मतें त्यांचें खरें स्मारक लहान मुलांच्या हातांवरील तो लाल फुगवटाच होय. तो मुलगा आतां मोठा झाला आहे. आपलें औषध तो सदैव खिशांत बाळगतो, आणि आम्हांस भेटला म्हणजे त्या चटणीची गोष्ट हंसत हंसत काढतो. आम्हांस मात्र अद्यापि हंसूं येत नाहीं. पंक्तीस एखादें मूल एखाद्या पदार्थास हात लावीनासें झालें, तर आतां आम्ही रागावत नाहीं. त्याजपाशीं बसतों, आणि तो पदार्थ खाल्ल्यावर त्यास काय होतें, हें प्रथम विचारतों.